कुत्र्या-मांजरांची केमोथेरपी : रुग्ण, हाताळणारा आणि घर यांची सुरक्षितता

प्रस्तावना

शेतावर राखणीला असलेल्या कुत्र्याच्या जननेंद्रियातून अधूनमधून रक्ताचे थेंब पडू लागतात. मादी असेल तर घरचे तो माज समजतात, नर असेल तर मार लागला असावा असे मानतात. काही आठवड्यांनी त्या जागी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, हात लावताच रक्ताळणारी गाठ दिसते. हा बहुधा कुत्र्यांमधील संसर्गजन्य लैंगिक अर्बुद असतो. मोकाट कुत्र्यांची संख्या जेथे मोठी, तेथे तो हमखास आढळतो. मग ते हुगळीकाठचे, ताग गिरण्यांचे बजबज असो किंवा विदर्भ-मराठवाड्यातील एखादे बाजाराचे गाव असो.

या रोगावर प्रभावी उपचार उपलब्ध आहे. व्हिन्क्रिस्टीन या औषधाची आठवड्यातून एक याप्रमाणे साधारणतः चार ते आठ इंजेक्शने शिरेतून दिल्यास बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. त्यामुळे केमोथेरपी हा शब्द आता महानगरातील मोठ्या रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. तो तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत आणि तेथून शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोचला आहे. मात्र औषध ज्या वेगाने पोहोचले, त्या वेगाने ते हाताळण्याची शिस्त पोहोचलेली नाही. ती शिस्त कोणती, तिच्यामागील शास्त्रीय कारण काय आणि पशुपालकाच्या वाट्याला तिचा कोणता भाग येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कीटकशास्त्राचा या विषयाशी संबंध

कर्करोगावरील औषधांविषयी कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या औषधांच्या एका गटाचा कीटकशास्त्राशी जुना संबंध आहे. १९६० च्या दशकात किडींना वंध्य करणाऱ्या रसायनांवर मोठे संशोधन झाले. त्यातील थायोटेपा हे रसायन मूळचे कर्करोगावरील औषध होय. भारतातही १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या दिल्लीतील संयुक्त प्रकल्पात थायोटेपाने वंध्य केलेले क्यूलेक्स डासांचे नर सोडण्यात आले होते. या प्रकल्पावर अनेक आक्षेप घेण्यात आले, त्यांत थायोटेपाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न होता. १९७५ मध्ये प्रकल्प बंद झाला. वंध्य कीटक तंत्रासाठी जगभर आज मुख्यतः किरणोत्सारी पद्धत वापरली जाते. पेशीच्या जनुकद्रव्यावर आघात करणारे रसायन उघड्यावर वापरणे धोक्याचे, ही जाण त्यामागे होती.

अशाच स्वरूपाची रसायने आज सिरिंजमध्ये भरून कुत्र्या-मांजरांना दिली जातात. ती देणे योग्यच आहे, कारण रुग्ण प्राण्याला त्यांच्या मोबदल्यात आयुष्य मिळते. औषध हाताळणाऱ्या डॉक्टरला, परिचराला किंवा प्राण्याला धरून ठेवणाऱ्या मालकाला मात्र त्यापासून कोणताही लाभ नसतो. त्यांच्या अंगावर पडलेला प्रत्येक थेंब निव्वळ हानीच्या खात्यात जमा होतो. या उपचारातील सुरक्षिततेचा सर्व विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

औषध कसे काम करते

व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीच्या झाडातून मिळणारे अल्कलॉइड आहे. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. व्हिन्क्रिस्टीन हे तंतू बनू देत नाही. त्यामुळे विभाजन अर्ध्यावर थांबते आणि पेशी मरते. सायक्लोफॉस्फामाइड, क्लोरॅम्ब्युसिल, मेल्फॅलन ही औषधे थेट डीएनएला चिकटून त्याचे नुकसान करतात.

या औषधांना अर्बुदाची पेशी आणि निरोगी पेशी यांतील फरक नेमका कळत नाही. वेगाने विभागणारी पेशी एवढेच त्यांचे लक्ष्य असते. म्हणूनच अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांनाही झळ बसते. उलटी, जुलाब आणि पांढऱ्या पेशी घटणे हे परिणाम त्यातून उद्भवतात. कुत्र्या-मांजरांमध्ये आयुष्य सुसह्य ठेवण्याला प्राधान्य देऊन मात्रा तुलनेने सौम्य ठेवली जाते. त्यामुळे माणसांत दिसतो तेवढा त्रास बहुतेक प्राण्यांना होत नाही. सतत केस वाढणाऱ्या काही जाती वगळता सरसकट केस गळत नाहीत; मांजरांच्या मिशा मात्र गळू शकतात.

येथे एक सूचना आवश्यक आहे. सदाफुली परसात असते म्हणून तिची पाने वाटून कुत्र्याला पाजण्याचा विचार कोणीही करू नये. पानांतील औषधी घटकाचे प्रमाण अत्यल्प आणि अनिश्चित असते, पानांत इतर विषारी अल्कलॉइडेही असतात, आणि हे औषध केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते.

हाताळणाऱ्याचा धोका

फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. कर्करोगावरील औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकबदल घडवून आणणारे गुणधर्म आढळले होते. या परिचारिकांनी औषध घेतले नव्हते, केवळ हाताळले होते. त्यानंतर मानवी रुग्णालयांतील नियम हळूहळू कठोर झाले. पशुवैद्यकासाठी अमेरिकेतील पशुवैद्यकीय अंतर्गत औषधशास्त्राच्या महाविद्यालयाने २०१८ मध्ये सुरक्षित वापराबाबत तज्ज्ञांचे सहमतीपत्र प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फामाइड, क्लोरॅम्ब्युसिल, मेल्फॅलन आणि थायोटेपा यांना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

औषध शरीरात शिरण्याचे मार्ग फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला परिचित आहेत : त्वचा, श्वास, तोंड आणि सुईची टोच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा त्वचेतून आणि श्वासातून विष कसे शिरते हे महाराष्ट्राने पाहिले. केमोथेरपीच्या औषधांत एक महत्त्वाचा फरक आहे. कीटकनाशकाच्या विषबाधेत चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे लवकर दिसतात आणि माणूस सावध होतो. पेशीविषारी औषधाच्या अल्प संपर्कात त्या दिवशी काहीच जाणवत नाही. परिणाम साचत जातात. इशारा मिळत नसल्यामुळे शिस्त आधीच पाळावी लागते.

गर्भवती, स्तनदा माता आणि अपत्यप्राप्तीचा विचार करणारे स्त्री-पुरुष यांनी या औषधांची तयारी, इंजेक्शन किंवा उपचारानंतरची सफाई यांपैकी कोणतेही काम करू नये.

मात्रेचे गणित

जंतनाशक देताना आपण वजनाच्या प्रमाणात मात्रा ठरवतो. केमोथेरपीची बहुतेक औषधे शरीराच्या पृष्ठफळावर मोजली जातात. वजन दुप्पट झाले तरी पृष्ठफळ दुप्पट होत नाही. कुत्र्यांसाठी प्रचलित सूत्रानुसार अंदाजे पृष्ठफळ असे येते :

- ५ किलो वजन : ०.३० चौरस मीटर
- १० किलो वजन : ०.४७ चौरस मीटर
- २० किलो वजन : ०.७४ चौरस मीटर
- ३० किलो वजन : ०.९८ चौरस मीटर

व्हिन्क्रिस्टीनची मात्रा चौरस मीटरला ०.५ मिलिग्रॅम धरली, तर १० किलोच्या कुत्र्याला सुमारे ०.२३ मिलिग्रॅम आणि २० किलोच्या कुत्र्याला सुमारे ०.३७ मिलिग्रॅम औषध लागते. वजन दुप्पट म्हणून मात्रा दुप्पट केली, तर मोठ्या कुत्र्याला सुमारे सव्वापट औषध जाईल. दशांश चिन्ह एक घर सरकले तर दहापट जाईल आणि प्राणी वाचणार नाही. म्हणून प्रत्येक वेळी वजन नव्याने करावे, गणित दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करावे आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच औषध भरावे. येथील आकडे तत्त्व समजण्यापुरते आहेत. मात्रा ठरविण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच आहे.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हेही लक्षात ठेवावे. सिस्प्लॅटिन कुत्र्यांना दिले जाते, पण मांजराच्या फुप्फुसात पाणी भरून ते जीव घेते. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल मांजरांना कोणत्याही स्वरूपात देऊ नये. माणसाच्या त्वचेसाठी आणलेली या औषधाची मलमाची नळी चघळल्यास कुत्राही दगावू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिन मांजराला का चालत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. मांजराचे यकृत काही रसायने फार संथपणे निकामी करते.

उपचारापूर्वी गोचिडांकडे पाहावे

आपल्या हवामानात कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड वर्षभर आढळते. तिच्यामार्फत पसरणारा एर्लिचियोसिस हा रोग रक्तातील प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी घटवतो. अशा कुत्र्याला तपासणी न करता केमोथेरपी सुरू केली, तर आधीच थकलेल्या अस्थिमज्जेवर दुसरा आघात होतो. शिवाय नाकातून रक्त येणे हे लक्षण एर्लिचियोसिसमध्ये दिसते आणि नाकातील संसर्गजन्य अर्बुदातही दिसते. म्हणून गाठीतील पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, पूर्ण रक्तगणना आणि गोचीडजन्य रोगांची तपासणी या तिन्ही गोष्टी पहिल्या इंजेक्शनापूर्वी व्हाव्यात.

गोचिडांसाठी काय दिले, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घरच्या घरी कुत्र्याला टोचण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आयव्हरमेक्टिन हे शेतकऱ्यांच्या परिचयाच्या अबामेक्टिन आणि इमामेक्टिन बेंझोएट यांच्याच कुळातील रसायन आहे. शरीरातील एक प्रथिन पेशींच्या दारावरील राखणदारासारखे आयव्हरमेक्टिनला मेंदूत शिरू देत नाही. व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन यांना पेशीबाहेर काढण्याचे कामही तेच प्रथिन करते. कोली आणि तत्सम मेंढपाळ जातींच्या अनेक कुत्र्यांत या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. त्यांना दोन्ही प्रकारची औषधे नेहमीच्या मात्रेतही बाधू शकतात. बुरशीनाशक किटोकोनॅझोल या राखणदाराच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे आधीच्या महिन्यातील सर्व औषधांची यादी हा उपचाराच्या तयारीचाच भाग समजावा.

चांगल्या दवाखान्याची ओळख

सर्व साधने प्रत्येक तालुक्यात मिळतील अशी अपेक्षा नाही. औषध भरण्यासाठी हवा बाहेर खेचणारे जैवसुरक्षा कपाट आणि गळती रोखणारी बंद जोडणी ही आदर्श व्यवस्था होय. ती नसेल तर तयार इंजेक्शन मागवावे किंवा रुग्णाला सुसज्ज ठिकाणी पाठवावे. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडून याबाबत मार्गदर्शन घेता येते. पुढील गोष्टी मात्र जेथे हे औषध दिले जाते तेथे असल्याच पाहिजेत :

१. नायट्राइलच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या, द्रव न झिरपणारा लांब बाह्यांचा एप्रन, गॉगल आणि योग्य श्वसनसंरक्षण. फवारणीला वापरलेले हातमोजे किंवा तोंडाला बांधलेला रुमाल चालणार नाही.

२. पंखा बंद, वर्दळ नसलेली, सहज धुता येणारी जागा. तेथे खाणे, पिणे, तंबाखू आणि मोबाइल वर्ज्य.

३. आटे असलेल्या तोंडाची सिरिंज, जेणेकरून दाबाने सुई निसटणार नाही. ती तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये.

४. पहिल्याच प्रयत्नात शिरेत बसवलेली नळी. आधी सलाईन सोडून नळी शिरेतच असल्याची खात्री करावी, औषधानंतर पुन्हा सलाईन सोडावे. त्या शिरेत आधी टोचले असेल तर दुसरा पाय निवडावा.

५. सांडल्यास लगेच वापरता येईल असा संच : शोषक कापड, हातमोजे, जाड पिशव्या, साबणाचे द्रावण. सांडलेले औषध झाडूने लोटू नये; कडेकडून आत टिपत यावे व जागा अनेकदा धुवावी. डोळ्यांत उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर झिरपले तर तेथील मांस सडते. असे झाल्यास इंजेक्शन तत्काळ थांबवून, सुई न काढता शक्य तेवढे औषध मागे ओढून घेतात आणि त्या जागी उबदार शेक देतात. डॉक्सोरुबिसिन झिरपल्यास मात्र थंड शेक द्यावा लागतो. दोहोंची गल्लत होऊ नये. ही इजा कधी कधी काही दिवसांनी उघड होते. म्हणून पुढील आठवडाभर कुत्रा इंजेक्शनची जागा चाटतो का, पाय सुजला आहे का, याकडे मालकाने लक्ष द्यावे.

वापरलेल्या सुया, सिरिंज आणि हातमोज्यांबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. पेशीविषारी औषधांचा कचरा तशी चिठ्ठी लावून पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात वेगळा ठेवावा लागतो आणि उरलेली औषधे १२०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाच्या भट्टीत नष्ट करावी लागतात. दवाखान्यामागील खड्ड्यात किंवा उकिरड्यावर असा कचरा जाळल्याने औषध नष्ट होत नाही. धूर आणि राख यांतून ते पसरू शकते.

घरी आल्यानंतर

औषध व त्याचे अवशेष प्राण्याच्या लघवीतून, शेणातून, उलटीतून आणि लाळेतून बाहेर पडतात. निदान ७२ तास पुढील काळजी घ्यावी. काही औषधांना अधिक काळ लागतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

- कुत्र्याला बांधून किंवा साखळीवर ठेवावे. विहीर, हौद, जनावरांचा हाळ आणि भाजीचा वाफा यांपासून दूर एकच जागा लघवीसाठी ठरवावी व तेथे हलक्या धारेने भरपूर पाणी ओतावे.
- विष्ठा हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करावी आणि तिची विल्हेवाट डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावी. ती शेणखताच्या खड्ड्यात, गांडूळखतात किंवा गोबरगॅसमध्ये टाकू नये.
- मांजराच्या पेटीतील माती रोज बदलावी. हे काम गर्भवती स्त्रीकडे किंवा मुलांकडे देऊ नये.
- अंथरूण घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नये. वेगळे, दोनदा धुवावे.
- या काळात मुलांनी प्राण्याला तोंड चाटू देऊ नये. मायेने पाठीवर हात फिरवण्यास हरकत नाही. नंतर हात साबणाने धुवावेत.

घरी गोळ्या द्यावयाच्या असतील तर हातमोजे घालूनच द्याव्यात. गोळी मोडू, कुटू किंवा विरघळवू नये. कॅप्सूल उघडू नये. अर्धी गोळी लागत असेल तर योग्य मात्रेची गोळी डॉक्टरांकडूनच मागावी. गोळी भाकरीच्या किंवा मांसाच्या घासात अखंड द्यावी आणि गिळल्याची खात्री करावी. सायक्लोफॉस्फामाइड शक्यतो सकाळी द्यावे, पाणी मुबलक ठेवावे आणि दिवसभर लघवीसाठी वारंवार बाहेर न्यावे, कारण ते मूत्राशयात साचून राहिल्यास तेथे रक्तस्रावी दाह होतो. गोळ्यांचा डबा कुलपात ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचना असेल तर झाकणाच्या स्वतंत्र डब्यात, अन्नापासून वेगळा ठेवावा.

धोक्याची चिन्हे

पांढऱ्या पेशींची संख्या उपचारानंतर साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत कमी होते. या काळात किरकोळ संसर्गही जिवावर बेतू शकतो. कुत्र्याचे सामान्य तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ३९.५ च्या वर गेल्यास, प्राणी सुस्त पडून खाणे सोडल्यास, उलट्या-जुलाब दिवसभर न थांबल्यास किंवा लघवीत रक्त दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही औषधे देऊ नयेत. मांजरासाठी पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरते. प्रत्येक पुढील इंजेक्शनापूर्वी रक्तगणना करावी. न्यूट्रोफिल पेशी पुरेशा नसतील तर इंजेक्शन काही दिवस पुढे ढकलावे लागते.

गाठ दोन इंजेक्शनांत आकसली की अनेक पशुपालक उपचार थांबवतात. ही चूक महागात पडते. संसर्गजन्य लैंगिक अर्बुदात पसरते ती जिवंत कर्कपेशीच. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्यात उगम पावलेली ही पेशी समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून आजही एका कुत्र्यातून दुसऱ्यात जात आहे. एका अर्थी ती परोपजीवीच होय. काही पेशी उरल्या तर गाठ पुन्हा वाढते आणि गावात पसरते. गाठ दिसेनाशी झाल्याची डॉक्टरांनी खात्री करेपर्यंत उपचार चालू ठेवावा, तोपर्यंत कुत्र्याला मोकळे सोडू नये आणि नंतर निर्बीजीकरण करून घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावभेटीत रक्तस्राव होणारे कुत्रे दिसल्यास मालकाला रोग बरा होणारा आहे हे प्रथम सांगावे. निराशेपोटी कुत्रे दूर नेऊन सोडले की रोग दुसऱ्या गावी जातो. व्हिन्क्रिस्टीनची कुपी दुकानातून आणून स्वतः टोचण्याचा प्रयत्न होत असेल तर तो ठामपणे थांबवावा. दूध किंवा मांस देणाऱ्या जनावरांत ही औषधे परस्पर वापरली जाऊ नयेत, कारण अवशेष माणसाच्या अन्नात उतरतात. फवारणी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात या विषयासाठी दहा मिनिटे दिली तरी पुरेशी आहेत. हातमोजे, मोजमाप, वाऱ्याचे भान आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट हे धडे शेतकऱ्याने पिकाच्या बांधावर शिकलेले आहेत. तेच धडे आता त्याला घरच्या कुत्र्या-मांजराच्या उपचारातही उपयोगी पडणार आहेत.